धूळ, पराग आणि मोटारीची कांती

शहरातील एखाद्या गृहसंकुलाच्या आवारात, ऊन चांगले वर आल्यावर, ओळीने उभ्या असलेल्या गडद रंगाच्या मोटारींच्या टपांकडे जरा निरखून पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. ज्या मोटारी रोज पहाटे नेमाने पुसल्या जातात, त्यांच्याच टपावर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांची वर्तुळे उमटलेली दिसतात. आणि जी मोटार पंधरा-पंधरा दिवस धूळ खात उभी असते व मग एकदाच भरपूर पाण्याने धुतली जाते, तिच्या अंगावर ती बहुधा दिसत नाहीत. आपण दोन पावले बाजूला सरकलो की ती वर्तुळेही सरकतात, हे तर त्याहून विलक्षण. स्वच्छतेची अधिक निगा राखावी आणि कांती मात्र अधिक झपाट्याने जावी, हा उलटा न्याय कसा, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कापडाच्या मऊपणात किंवा पुसणाऱ्याच्या हयगयीत शोधून सापडत नाही. ते कापड आणि रंग यांच्यामध्ये सापडलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कणांत आहे.

रंगावरचे पारदर्शक कवच

मोटारीचा रंग म्हणून आपण ज्याला हात लावतो, तो वस्तुतः रंग नव्हेच. पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा अस्तराचा थर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर ‘क्लिअर कोट’ नावाचा रंगहीन, पारदर्शक थर, अशी ही चढती रचना असते. हे सारे थर मिळून जाडी साधारणतः शंभर ते दीडशे मायक्रॉन भरते; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाच्या केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे सगळा मामला किती नाजूक आहे याची कल्पना येईल. यांपैकी वरच्या पारदर्शक थराच्या वाट्याला बहुधा पस्तीस ते पन्नास मायक्रॉन येतात. चकाकी ही त्या थराची देणगी, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करण्याचा जिम्माही त्याच्याकडेच.

पूर्वीच्या ॲम्बॅसिडरसारख्या मोटारींवर हा निराळा थर नसे. रंग हाच वरचा थर असल्यामुळे पॉलिश करताना कापडाला रंग लागे. १९८० नंतरच्या दशकांत जगभर पारदर्शक थराची पद्धत रूढ झाली. हा थर बहुवारिकांचा, म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थांचा बनलेला असतो. तो चिवट व लवचीक असतो, परंतु कठीण नसतो. काचेच्या तुलनेत तर तो पुष्कळच मऊ ठरतो. पुढील सर्व विवेचन या एका बाबीवर उभे आहे.

धूळ म्हणजे दगडाचे पीठ

जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस याने १८१२ साली पदार्थांच्या कठीणपणाची एक श्रेणी तयार केली. कोण कोणावर ओरखडा उठवू शकतो, एवढ्याच साध्या कसोटीवर तिने खनिजांचे दहा क्रम लावले. शंखजिरे पहिल्या पायरीवर आहे आणि हिरा दहाव्या. आपले नख अडीचच्या सुमारास येते, काच साडेपाचच्या, आणि गारगोटीतील क्वार्ट्झ हे खनिज सातव्या पायरीवर.

आता महाराष्ट्रातील धुळीकडे वळू. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला दख्खनचा काळा पाषाण मुख्यतः फेल्स्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांचा बनलेला आहे, आणि दोन्हींचा कठीणपणा पाच ते साडेसहाच्या दरम्यान आहे. खडीच्या क्रशरमधून, खणलेल्या रस्त्यांवरून आणि बांधकामांच्या जागेवरून जी धूळ आपल्या वस्तीत येते, ती प्रामुख्याने याच दगडाचे पीठ असते. नदीच्या वाळूबरोबर त्यात क्वार्ट्झची भर पडते. काही वेळा ती दूरदेशाहूनही येते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीच्या वादळाने मुंबईचे आकाश धुरकट केले, तेव्हा उघड्यावर उभ्या मोटारींवर पांढुरकी पूड साचल्याचे अनेकांनी पाहिले असेल. धूळ कोठलीही असो, तिच्यातील बरेचसे कण काचेलाही ओरखडा काढण्याइतके कठीण असतात. मग प्लास्टिकच्या जातीच्या त्या थराची काय कथा? धूळ हाताला पिठासारखी मऊ लागते याचे कारण तिचे कण बारीक असतात हे आहे. ते कठीण नसतात असा त्याचा अर्थ नव्हे.

धूळ चिकटून का राहते?

ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने महामार्गावर धावून आलेल्या मोटारीवरची धूळ वाऱ्याने उडून का जात नाही, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. त्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण हवेच्या वागणुकीचे. वाहती हवा कोणत्याही पृष्ठभागाला अगदी लगटून जात नाही. पृष्ठभागाला स्पर्श करणारा हवेचा पापुद्रा जवळजवळ स्थिर असतो, आणि पृष्ठभागापासून दूर जावे तसतसा वेग वाढत जातो. धुळीचे बारीक कण या मंद हवेच्या थरातच दडून राहतात, आणि बाहेरचा सोसाट्याचा वारा त्यांच्या डोक्यावरून निघून जातो.

दुसरे कारण आकाराचे. दोन पृष्ठभाग अगदी जवळ आले म्हणजे त्यांच्या रेणूंमध्ये एक क्षीण आकर्षण निर्माण होते. कणाचा व्यास दहापट कमी केला, तर त्याचे वजन हजारपट कमी होते, पण हे आकर्षण मात्र साधारणतः दहापटच घटते. सबब, कण जितका लहान तितका तो वजनाच्या मानाने अधिक घट्ट चिकटतो. कोरड्या कापडाने घासल्यामुळे पृष्ठभागावर स्थिर विद्युत् निर्माण होते व ती आणखी धूळ ओढून घेते. पहाटेचे दव पडले की कण आणि रंग यांच्यामध्ये पाण्याचे सूक्ष्म सेतू तयार होतात. ऊन चढल्यावर पाणी उडून जाते, त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात आणि कणांना जागच्या जागी जखडून टाकतात. त्या धुळीत सिमेंट असेल, तर ते दवाने ओले होऊन चक्क घट्ट बसते.

ओरखडा कसा उठतो, वर्तुळ कसे दिसते

अशा जखडलेल्या कणावर कापड ठेवून बोटांनी दाब दिला, की तो दाब कणाच्या अणकुचीदार टोकावर एकवटतो. टोक मऊ थरात रुतते, आणि हात पुढे सरकला की कणही ओढला जाऊन मागे एक चर सोडत जातो. कापड रेशमाचे असले तरी फरक पडत नाही, कारण कापणारे हत्यार कापड नसून कण असतो. कापडाने त्याला फक्त धरून ठेवलेले असते. धुळकट बॉनेटवर मुलाने बोटाने नाव लिहिले आणि नंतर गाडी धुतली, तरी उन्हात ती अक्षरे कधीकधी वाचता येतात, ती याच कारणाने.

हे चर बहुधा फारच उथळ असतात, आणि ते उभे, आडवे, तिरपे असे सर्व दिशांना पसरलेले असतात. मग ते वर्तुळाकार का दिसतात? प्रत्येक चर प्रकाशाला ठराविक दिशेनेच फेकतो. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवतीच्या असंख्य चरांपैकी जे चर त्या प्रतिबिंबाकडे आडवे पडलेले असतात, तेवढेच आपल्या डोळ्याकडे प्रकाश पाठवतात; बाकीचे त्या क्षणी अदृश्य राहतात. निवडून चमकणाऱ्या या आडव्या तुकड्यांचे मिळून डोळ्यांना वर्तुळ भासते, आणि आपण सरकलो की निवड बदलते, म्हणून वर्तुळही सरकते. पुसणाऱ्याने हात गोल फिरवला म्हणून ही वर्तुळे उठली, असा जो समज आहे, तो सर्वस्वी खरा नाही. सरळ रेषेत पुसूनही धूळ ओढली गेली, तर वर्तुळे दिसणारच.

परागकणांचे प्रकरण निराळे

परागकणांचा अपराध वेगळ्या जातीचा आहे. बहुतेक परागकण दहा ते शंभर मायक्रॉन आकाराचे असतात, आणि त्यांचे बाह्य कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अत्यंत टिकाऊ सेंद्रिय द्रव्याचे असते. हे द्रव्य इतके चिवट, की दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात कोट्यवधी वर्षांपूर्वीचे पराग आजही ओळखता येतात. लखनौमध्ये १९४६ साली स्थापन झालेली, बिरबल सहानी यांच्या नावाची संस्था अशा पुरापरागांचा अभ्यास करते. असे असले तरी पराग हे दगडाप्रमाणे कठीण नसतात. नुसता पराग सहसा ओरखडा काढत नाही; त्याच्यासोबत बसलेली धूळ तो काढते. परागाचा स्वतःचा धोका पाण्याशी संबंधित आहे.

कोरडा परागकण आकसलेला असतो. ओलावा मिळताच तो फुगतो, कधी फुटतो, आणि त्याच्या पोटातील पेक्टिन व प्रथिने बाहेर येऊन रंगाला चिकटतात. पाणी वाळू लागले की हा चिकट पदार्थ आक्रसतो आणि खालच्या मऊ थरालाही ओढून घेतो. परिणामी साध्या धुण्याने न जाणारा डाग मागे राहतो. जपानमध्ये फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत सुगी नावाच्या सूचिपर्णी वृक्षाचे पराग उधळतात, आणि तेथील मोटारमालकांना या डागांचा चांगलाच परिचय आहे. सुमारे सत्तर अंश तापमानाच्या पाण्यात भिजवलेले कापड डागावर काही वेळ ठेवून तो सैल करण्याची तेथे वहिवाट आहे, कारण उष्णतेने पेक्टिनची पकड ढिली होते.

अमेरिकेच्या आग्नेय भागात, जेथे आज मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने वस्ती करून आहेत, मार्च-एप्रिलमध्ये पाइन वृक्षांच्या परागांनी सारा परिसर पिवळा होतो. अटलांटा शहरात मार्च २०२५ च्या अखेरीस एका घनमीटर हवेत चौदा हजारांहून अधिक परागकण मोजले गेले. महाराष्ट्रात असा पिवळा थर साचत नाही. येथे वर्षारंभी वावळाचा आणि पावसाळा सरताना गवतांचा पराग हवेत असतो, पण त्याचे प्रमाण मोटारीपेक्षा माणसाच्या नाकालाच अधिक जाणवते. आपल्याकडे आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत झाडाखाली उभ्या गाडीवर जो चिकट थर बसतो, त्यात परागापेक्षा तुडतुड्यांनी सोडलेल्या गोड स्रावाचा, म्हणजे शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात त्याचा, वाटा मोठा असतो. तो धुळीला धरून ठेवतो, म्हणून पुसताना अधिकच घातक ठरतो.

यावरून एक नियम निघतो: परागाच्या दिवसांत गाडी अर्धवट ओली करू नये. पराग कोरडा असेपर्यंत हवेच्या झोताने, म्हणजे ब्लोअरने, त्याचा मोठा भाग उडवता येतो; पाणी वापरायचे तर ते धारेने वाहून जाईल इतके भरपूर वापरावे. शिंपडलेले पाणी आणि पावसाची भुरभुर परागाला फुगवतात, वाहून मात्र नेत नाहीत.

आधी पाणी, मग साबण, मग स्पर्श

आता उपायाकडे येऊ. त्याचे सूत्र एकच आहे: ज्या कणाला घासल्यावाचून काढता येते, त्याला घासू नये. आपल्या घरांत तांदूळ रोळण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यामागे नेमका हाच विचार आहे. खडे काढण्यासाठी तांदूळ कोणी चोळत बसत नाही. भांड्यात पाणी घेऊन ते हेलकावत तांदूळ पाण्यासोबत दुसऱ्या भांड्यात ओतले जातात, आणि जड खडे तळाशी राहतात. वेगळे करण्याचे काम हाताने न करता पाण्याकडून करवून घेणे, ही त्यातील मेख आहे. मोटार धुण्याची शास्त्रशुद्ध पद्धत याहून काही वेगळी नाही.

पहिली पायरी, स्पर्श न करता भरपूर पाणी सोडणे. पाणी कण आणि रंग यांच्यामध्ये शिरले की दवाचे सेतू मोडतात, वाळलेले क्षार विरघळतात आणि रेणूंमधील आकर्षणही कित्येक पटींनी घटते. प्रेशर वॉशर असेल, तर त्याचे तोंड रंगापासून हातभर दूर धरून, टपापासून खाली येत जावे.

दुसरी पायरी, फेस. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे झुकणारे व दुसरे तेलकट पदार्थाकडे झुकणारे असते. त्यामुळे तो चिकट मळात शिरतो, त्याला वेढतो आणि पाण्यात सोडून देतो. याखेरीज तो निसरडेपणा आणतो, आणि उरल्यासुरल्या कणावर हात पडलाच, तर कण रुतण्याऐवजी घसरण्याची शक्यता वाढते. फेस चार-पाच मिनिटे राहू द्यावा, पण वाळू देऊ नये. म्हणूनच गाडी सावलीत व पत्रा थंड असताना धुवावी. कपडे धुण्याच्या भुकटीत धुण्याचा सोडा असतो, आणि तो मेणाचा लेप उतरवतो. त्यापेक्षा मोटारीसाठीचा सौम्य शाम्पू बरा.

हे दोन्ही सोपस्कार झाल्यानंतरच हात लावण्याचा अधिकार प्राप्त होतो.

दोन बादल्या आणि योग्य कापड

एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घ्यावे. कापड गाडीच्या एका भागावर फिरवल्यानंतर ते प्रथम साध्या पाण्यात खळबळून काढावे, जेणेकरून पकडलेले कण तेथे सुटून तळाशी बसतील, आणि मगच ते शाम्पूच्या बादलीत बुडवावे. एकच बादली वापरली, तर धुतलेली धूळ पुन्हा कापडावर चढून गाडीवर परत येते. बादलीच्या तळापासून थोडी उंच बसणारी जाळी मिळते. ती असल्यास तळाची वाळू ढवळली जात नाही. कामाचा क्रम टपापासून खालच्या दिशेने असावा, कारण चाकांनी उडवलेली भरड वाळू खालच्या पत्र्यावरच सर्वांत अधिक असते. खालच्या पत्र्यासाठी व चाकांसाठी कापड वेगळेच ठेवावे.

कापडाचाही विचार केला पाहिजे. जुन्या बनियनचे किंवा टॉवेलचे फडके सपाट असते. त्यात सापडलेला कण पृष्ठभागावरच राहतो व घासला जातो. मायक्रोफायबरचे धागे त्याहून पुष्कळ बारीक असतात. ज्याचे नऊ हजार मीटर वजनाला एक ग्रॅमही भरत नाहीत, अशा धाग्याला मायक्रोफायबर म्हणतात. १९७० च्या सुमारास जपानमधील तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी असे अतिसूक्ष्म धागे काढण्याची पद्धत सिद्ध केली. पुसण्याच्या कापडासाठी बहुधा पॉलिएस्टर व पॉलिअमाइड यांचा जोडधागा काढून तो उभा चिरला जातो, आणि त्या चिरांमध्ये पाणी व कण शोषले जातात. लांब लोकर असलेल्या हातमोज्यात कण पृष्ठभागापासून दूर, आत खोल जातात, म्हणून धुण्यासाठी तो उत्तम. कापड जमिनीवर पडले, की ते नीट धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावू नये. एक वाळूचा कण सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवण्यास पुरेसा आहे.

शेवटी गाडी कोरडी करताना घासण्याऐवजी मोठे कापड अंथरून पाणी टिपावे. विंधनविहिरीचे जड पाणी जागच्या जागी वाळू दिले, तर त्यातील चुन्याचे गोल डाग उरतात.

पाणी कमी असेल तेव्हा

नळीने सरळ पाणी सोडत राहिले, तर मिनिटाला दहा-बारा लिटर सहज वाहून जातात. पाणीटंचाईच्या प्रदेशात हे परवडणारे नाही, आणि योग्यही नाही; मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यास मनाई होऊन पाच हजार रुपये दंडाची तजवीज करण्यात आली होती. अशा वेळी निसरडेपणा देणारे द्रावण मिसळलेले एक बादलीभर पाणी पुरते. ते आधी फवारावे, दोन-तीन मिनिटे थांबावे, मग भिजलेले मायक्रोफायबर दाब न देता एका दिशेने, एकदाच फिरवावे आणि घडी उलटून स्वच्छ बाजू घ्यावी. दोनदा घडी घालून चौपदरी केलेल्या कापडाला आठ स्वच्छ बाजू मिळतात, हे लक्षात ठेवावे. ही युक्ती हलक्या धुळीपुरती आहे. चिखल वाळलेला असेल, तर त्याला वाहत्या पाण्यावाचून गत्यंतर नाही.

लेपांचे आश्वासन आणि पॉलिशची मर्यादा

‘नऊ एच’ कठीणपणाचा सिरॅमिक लेप लावला की ओरखड्यांची चिंता संपली, असे विक्रेते सांगतात. हे ‘नऊ एच’ पेन्सिलींच्या श्रेणीतील आहे. मोसच्या श्रेणीशी त्याचा संबंध नाही. त्या पेन्सिलीने लेपावर रेघ उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्वार्ट्झचा कण त्यावरही चर पाडू शकतो. लेपाचा खरा लाभ निराळा आहे: त्यावर पाणी व मळ फारसे टिकत नाहीत, म्हणून स्पर्श न करता पुष्कळ धूळ वाहून जाते.

ओरखडे घालवणारे पॉलिशही चर भरून काढत नाही. ते चराच्या आजूबाजूचा थर झिजवून सगळे एका पातळीवर आणते. दरवेळी काही मायक्रॉन खर्ची पडतात, आणि अतिनील किरणांपासूनचे संरक्षणही त्यासोबत घटते. चाळीस मायक्रॉनची ही पुंजी एकदाच मिळालेली आहे.

चौकट: थोडक्यात

• ओरखडा कापडाने पडत नाही. कापडाखाली ओढल्या गेलेल्या कणाने पडतो.
• कोरडी धूळ कोरड्या कापडाने कधीही पुसू नये, झटकणीही टाळावी.
• क्रम असा: भरपूर पाणी, फेस, थोडी प्रतीक्षा, मग हात.
• बादल्या दोन, टपापासून खाली, खालच्या पत्र्याला वेगळे कापड.
• पराग कोरडा असेपर्यंत उडवावा, नाहीतर धारेने वाहून न्यावा. अर्धवट ओला करू नये.
• सावलीत धुवावे, टिपून वाळवावे.

काय थांबू शकते, काय थांबू शकत नाही

आपल्याकडे गाड्या पुसण्याचे काम करणारी माणसे पहाटे उठून, एकाच बादलीत आणि एकाच फडक्यावर दहा-पंधरा गाड्या उरकतात, कारण रोज गाडी पुसली गेलीच पाहिजे, हा शिरस्ता आपणच घालून दिलेला आहे. वास्तविक सावलीत, कोरड्या जागी उभ्या गाडीवर साचलेली कोरडी धूळ आठवडाभर तशीच राहिली, तरी रंगाचे काही बिघडत नाही. तिला रोज ओढत राहिल्याने मात्र निश्चित बिघडते. याच्या उलट, पक्ष्यांची विष्ठा, आंब्याचा चिकटा आणि भिजलेला पराग यांना दुसऱ्या दिवसापर्यंत मुदत देणे हिताचे नाही. काच व आरसे रोज, गाडी आठवड्यातून एकदा नीट, आणि डाग दिसेल तेव्हा तेवढाच भाग भिजवून लगेच, अशी वाटणी करून त्या माणसाला तोच पगार, दुसरी बादली आणि चार स्वच्छ कापडे दिली, तर त्याचे कष्ट कमी होतील, पाणी वाचेल आणि मोटारीची कांतीही पुष्कळ वर्षे टिकेल.